विश्लेषण : ‘सेटिंग’ बदलल्याने मोबाइलवरील गाण्याचा दर्जा खरेच सुधारतो का?

घाटकोपर स्थानकात लोकलमधून उतरून वर्सोव्याच्या मेट्रोकडे धावणाऱ्या गर्दीत बहुतेकांच्या कानात इअरफोन असतात. त्यातले अनेक जण चांगल्या आवाजासाठी पैसे मोजून नवे प्लेअर अ‍ॅप घेतात, फर्मवेअर बदलतात किंवा फोनच्या सेटिंगमध्ये खोलवर शिरतात. या खटाटोपाने आवाज सुधारतो का? काही बाबतीत हो, पण जाहिराती सांगतात तिथे सहसा नाही.

आवाज नेमका कुठे तयार होतो?

डिजिटल गाणे म्हणजे आकड्यांची रांग. सीडीसाठी प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. प्लेअर फाइल उलगडून हे आकडे ‘डॅक’ या चिपकडे देतो आणि ही चिप त्यांचे विद्युत संकेतात रूपांतर करते. त्यामुळे कसोटी सोपी आहे. सॉफ्टवेअरने आकडे बदलले, तर आवाज बदलू शकतो. दोन अ‍ॅप डॅकला तेच आकडे देत असतील, तर एकाचा आवाज ‘मोकळा’ आणि दुसऱ्याचा ‘कोंडलेला’ असण्याचे कारण उरत नाही. आकडे आधी तात्पुरत्या स्मृतीत साठतात आणि डॅक ते घड्याळाच्या ठरलेल्या गतीने उचलते. अ‍ॅपचा कोड किती सुबक लिहिला आहे, याचा तिथे संबंध येत नाही.

मग फरक का जाणवतो?

मुख्य कारण म्हणजे आवाजाची पातळी. दोनपैकी एक गाणे किंचित मोठ्याने वाजले, तरी कानाला ते अधिक स्पष्ट आणि भरदार वाटते. दुसरे कारण अपेक्षा. पैसे मोजले की फरक ऐकू येऊ लागतो. म्हणून तुलना करताना दोन्हींची पातळी समान ठेवावी आणि कोणते अ‍ॅप सुरू आहे, हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये.

कोणते बदल खरोखर ऐकू येतात?

पहिला इक्वलायझर. ‘बास’ वाढवला की डग्ग्याचा घुमारा वाढतो, पण त्याखाली तानपुऱ्याची जवारी झाकोळते. आधीच कमाल पातळीवर ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यात एखादी पट्टी आणखी उचलली, तर लहरींचे माथे कापले जातात आणि आवाज फाटतो. त्यामुळे हवी ती पट्टी वाढवण्याऐवजी नको त्या कमी करणे बरे.

दुसरा बदल नमुन्यांच्या दराचा. अनेक अँड्रॉइड फोन सगळे ध्वनी एकत्र मिसळण्यासाठी ४४.१ किलोहर्ट्झचे गाणे ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलतात. हे काम नीट झाले तर फरक जाणवणे कठीण. अँड्रॉइड १४ पासून यूएसबी हेडफोनसाठी हा टप्पा टाळण्याची सोय आहे.

तिसरा ब्लूटूथचा. सीडीच्या ध्वनीला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. ‘एलडॅक’ या वरच्या दर्जाच्या कोडेकची कमाल मर्यादा ९९० आहे आणि संपर्क कमजोर झाला की ती ३३० पर्यंत घसरू शकते. म्हणजे ‘लॉसलेस’साठी पैसे भरले, तरी असा बिनतारी इअरफोन लावला की त्यातला काही भाग वाटेतच गळतो.

‘हाय-रेझ’ घ्यावे का?

मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांमध्ये उच्च दर्जाचा ध्वनी आणि तोच सीडीच्या दर्जावर आणलेला ध्वनी ऐकवण्यात आला. ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवल्यासारखाच निकाल. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ अभ्यासांची एकत्र पडताळणी केली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. चाचणीच्या शांततेत एवढा फरक, तर लोकलच्या खडखडाटात तो सापडणार कसा?

खरे महत्त्व कोणत्या सेटिंगला?

आवाजाच्या मर्यादेला. भोवतालचा गोंगाट वाढला की माणूस गाण्याचा आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलमागे हा वेळ निम्मा होतो. ८६ डेसिबलवर जेमतेम १० तास उरतात. रोज जाऊन-येऊन दोन तास, आठवड्यात सहा दिवस ऐकणाऱ्याचे १२ तास होतात. ‘अ‍ॅपल’ने मार्च २००६ मध्ये आयपॉडसाठी कमाल आवाज ठरवण्याची सोय दिली, तीही एका सॉफ्टवेअर अपडेटमधूनच. आज अनेक फोनमध्ये अशी सोय असते, पण ती शोधण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात.

प्लेअर अ‍ॅपवर पैसे खर्च करण्याऐवजी कानात घट्ट बसणारे किंवा बाहेरचा गोंगाट कमी करणारे इअरफोन घेणे शहाणपणाचे. त्यामुळे कमी आवाजातही गाण्यातले बारकावे ऐकू येतात. त्यानंतर फोनमधील आवाजाची मर्यादा ठरवून टाकावी. या बदलाने गाणे अधिक गोड होणार नाही, पण वीस वर्षांनंतर ते नीट ऐकू येण्याची शक्यता नक्की वाढेल.