बोटीवरची चूल कोणाची?



शिरूर आणि दौंड मिळून आमची बारा जणींची भिशी आहे. त्यातल्या सहा जणींनी ठरवलंय की येत्या माघात अंदमानला जायचं, शिडाची बोट भाड्याने घ्यायची, सोबत बोट चालवणारा कप्तान घ्यायचा आणि पाच दिवस बेटाबेटांतून फिरायचं. नवरे नाहीत, मुलं नाहीत. ही बातमी शिरूरहून न्हावरा-चौफुला मार्गे दौंडच्या स्थानकात पोहोचायला एसटीपेक्षा कमी वेळ लागला. तेव्हापासून व्याख्यानाला जाता-येता कोणी ना कोणी मला थांबवतं. जैन बाईनं समुद्रावर काय म्हणून राहायचं? तिथे कसला आलाय चौविहार आणि कसलं प्रतिक्रमण?

मी जाणाऱ्या सहा जणींत आहे, म्हणून माझं मत एकतर्फी वाटेल. वाटू दे. पण आधी एक सांगते, समुद्राची भीती आपल्या आगमांत नाही. चातुर्मासात आपण ज्ञाताधर्मकथा ऐकतो. त्यात मल्ली भगवतींच्या अध्ययनात अर्हन्नक श्रावक येतो. चंपा नगरीचा व्यापारी, माल भरून जहाजाने निघालेला. भर समुद्रात देव पिशाचाचं रूप घेऊन येतो आणि म्हणतो, व्रतं सोड, नाहीतर जहाज बुडवतो. अर्हन्नक सागारी अनशन घेऊन बसून राहतो. म्हणजे श्रावकाच्या दृढतेचं आपलं एवढं मोठं उदाहरण घडलंय ते जहाजावर. त्याच आगमात पुढे माकंदीची दोन मुलं, जिनपालित आणि जिनरक्षित, जहाज फुटून रत्नद्वीपाला लागतात. उपासकदशांगातला आनंद श्रावक तर व्रत घेताना वाहनांची मर्यादा करतो, आणि त्यात दिशायात्रेसाठी चार नावा आणि माल वाहायला चार नावा ठेवतो. ठेवतो, सोडत नाही. आयंबिल ओळीत आपण श्रीपाल-मयणासुंदरीची कथा लावतो. धवल शेठ श्रीपालाला समुद्रात ढकलतो आणि तो तरून लागतो कुठे, तर आपल्याच कोकणात, ठाण्याला. टेंभी नाक्याच्या मंदिरात आजही ती आठवण जपलेली आहे.

मग 'समुद्र वर्ज्य' आलं कुठून? मला वाटतं, साधूंची मर्यादा आपण आपल्यावर ओढून घेतली. महाराजसाहेब वाहन वापरत नाहीत, म्हणूनच १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं निमंत्रण आत्मारामजी महाराजांना आलं तेव्हा ते गेले नाहीत, वीरचंद राघवजी गांधी गेले. आणि ते परत आले तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून समाजातल्या काहींनी त्यांनाच धारेवर धरलं. सव्वाशे वर्षं झाली. त्या भांडणातून आपण बाहेर पडलोय असं मी समजत होते.

बायकांना जमेल का, हे विचारणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. 'तारिणी' या नौदलाच्या शिडाच्या बोटीतून सहा महिला अधिकारी २०१७च्या सप्टेंबरात गोव्याहून निघाल्या आणि २५४ दिवसांनी, मे २०१८ मध्ये, पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आल्या. आम्हीही सहा जणी, पण पाच दिवस आणि तेही पगारी कप्तानाच्या भरवशावर. तेव्हा फुशारकी मारण्यासारखं यात काही नाही.

खरी अडचण वेगळी आहे. मी ती अनुभवलेली आहे म्हणून लिहिते. तीन वर्षांपूर्वी आम्ही चार जोडपी फुकेतला अशाच बोटीवर चार दिवस होतो. दोन कण्यांची रुंद बोट, चार खोल्या, एक छोटं स्वयंपाकघर. बोट देणाऱ्या कंपनीने 'जैन जेवण मिळेल' असं लिहून दिलं होतं. बोटीवर चढलो तर फ्रिजमध्ये कप्तानाच्या गळाला लावायचं आमिष, आणि जैन जेवण म्हणजे कांदा न घातलेला भात. आमच्या पिशव्यांत खाखरे, मेथीचे ठेपले, मुगाची डाळ, पापड, सुक्या भाज्या सगळं होतंच, आपण त्याशिवाय घराबाहेर पडतो का? पण मग चारही दिवस चौघी बायका खाली आणि चौघे पुरुष वर. वर वारा, निळं पाणी, फांग-ङाच्या आखातातले ते सरळसोट चुनखडीचे डोंगर. खाली दोन शेगड्या, बंद झरोका आणि घाम. बोट एका बाजूला कलली की डाळीचं पातेलं धरून उभं राहायचं. सूर्यास्ताच्या आत आठ जणांचं जेवण उरकायचं म्हणून साडेचारपासून घाई. सूर्यास्त मी चारही दिवस भांडी घासताना पाहिला. परत आल्यावर सगळ्यांना सांगण्यात आलं की बोटीवर चौविहार अगदी छान पाळला गेला. पाळला कोणी, हे कोणी विचारलं नाही.

'जैन किचन'सह निघणाऱ्या सहली, सोबत महाराज घेऊन जाणारे मोठे गट, यांची मी टिंगल करत नाही. पण छोट्या बोटीवर महाराजांना जागा नसते. तिथे धर्म पाळायचा तर हात कोणाचे लागणार, हे आधी ठरलं पाहिजे. म्हणून मला वाटतं, आम्ही सहा जणींनीच जाण्यात धर्माला धोका कमी आहे. दोघी-दोघींनी एकेक वेळ घ्यायची, बाकीच्या चौघी वर. आणि कोणा घरच्या पुरुषांना पुढच्या वर्षी जोडीने जायचं असेल तर बोटीवर पाय ठेवण्याआधी फुलके लाटायला शिकावं. हे मी गमतीत लिहीत नाहीये.

अंदमानात एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ती बेटं आपल्यापासून इतकी पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे माघात सूर्य सहाच्या आत उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. नवकारसी साडेसहाच्या सुमारासच येते. चौविहार करणारीला सव्वापाचला ताट ठेवावं लागतं. कप्तानाला हे पहिल्या दिवशीच सांगायचं, म्हणजे चार वाजता बोट नांगरावर हवी. चालत्या बोटीत स्वयंपाक करायचा नाही, हे मी फुकेतला शिकले.

पाण्याचं मात्र आपल्याला कोणी शिकवायला नको. अशा बोटीच्या टाकीत सहाएकशे लिटर पाणी असतं, आणि ते सहा-आठ माणसांना तीन-चार दिवस पुरवायचं असतं. शहरातले लोक म्हणे दुसऱ्याच दिवशी टाकी रिकामी करतात. शिरूरच्या पश्चिमेकडच्या गावांत किंवा दौंडच्या जिरायती पट्ट्यात जिनं टँकरच्या पाण्यावर संसार केलाय, तिला एका तांब्यात तोंड धुता येतं. गाळणं आणि उकळून ठेवायला दोन स्टीलचे डबे घेतले की झालं.

उलट मला वाटतं, शिडाची बोट ही आपल्या सहाव्या व्रताची चांगली शाळा आहे. दिग्व्रत आपण पच्चक्खाणात म्हणून टाकतो, इतके कोस पूर्वेला, इतके पश्चिमेला. गाडी आणि विमान आल्यापासून त्या आकड्यांना काही अर्थ राहिलेला नाही. बोट वाऱ्यावर ताशी दहाएक किलोमीटर चालते. सकाळी नकाशा पसरून 'आज या बेटापासून त्या बेटापर्यंत, त्यापुढे नाही' असं ठरवलं की ते देशावकाशिकच झालं. तिथे सरकारचीही दिशामर्यादा आहे, आदिवासींच्या राखीव बेटांकडे जायचंच नाही. आमच्यातल्या एकीला स्कूबा करायचंय. तिने विचारलं, अधोदिशेची मर्यादा किती ठेवू? माझ्या सासूबाईंची ती विहिरीच्या शेवटच्या पायरीपर्यंत होती. आता चाळीस फूट म्हणायचं की काय, हे महासतीजींना विचारून घ्यावं म्हणते.

पण 'बोटीवर हिंसा नाही, शिडाला डिझेल लागत नाही' असं जे कोणी म्हणतंय ते मला मान्य नाही. वारा पडला की इंजिन लागतंच, बंदरात शिरताना लागतं, बॅटरीसाठी लागतं. त्याहून वाईट म्हणजे नांगर. साखळी प्रवाळावर पडली की वर्षानुवर्षांची वाढ एका रात्रीत मोडते. प्रवाळ म्हणजे आपलं पोवळं. आपल्या जीवविचारात विद्रुम पृथ्वीकायात धरलेलं आहे, विज्ञान त्याला प्राण्यांची वसाहत म्हणतं. कसंही मोजा, जीवच आहे. शंख-कवड्या तर पाठशाळेतल्या पोरींनाही बेइंद्रियात सांगता येतात, आणि तरी समुद्रावरून येताना पिशवी भरून आणणाऱ्या आपल्याच असतात. कवडीत अजून जीव असतो, घरी आल्यावर वास सुटतो तेव्हा कळतं. प्रवाळ तर मेलेलं उचललं तरी वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणून बोटवाल्याशी बोलताना मी स्वयंपाकघराच्या आधी हे विचारणार: नांगर वाळूत टाकणार का, बांधायला तरंगता बोया आहे का, संडासाची टाकी किनाऱ्याजवळ सोडणार का, आणि बोटीवर गळ असेल तर तो पाच दिवस किनाऱ्यावर राहील का. हे सगळं लेखी. हो म्हणाला तर पैसे, नाहीतर दुसरी बोट.

पैशांचं. 'एवढ्यात गोशाळेचा महिनाभराचा चारा झाला असता' हे वाक्य मला तिघींनी ऐकवलं. झाला असता. लग्नात संगीतच्या एका रात्रीच्या मांडवातही झाला असता, तेव्हा हिशेब कोणी मांडला नाही. आमच्यातल्या दोघी दुकानाच्या गल्ल्यावर बसतात, एक शिकवण्या घेते, एकीचा पापडांचा धंदा आहे. भिशीत अडीच वर्षं टाकलेले हे पैसे आमचे आहेत. परिग्रहाची मर्यादा सगळ्यांनाच आहे, फक्त बाईच्या खर्चावर ती आठवू नये.

आणि ज्यांना समुद्र नकोच, त्यांनी भिगवणकडे जावं. दौंडहून तासाभरात उजनीचं पाणी लागतं, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, कुंभारगावचे नावाडी पहाटे होडीतून नेतात. आपल्या घोडनदीचं आणि भीमेचंच पाणी आहे ते. दोन तासांत बाई घरी परत, कोणाची तक्रार नाही. मी दर वर्षी जाते. पण दोन तासांनी परत येणं आणि पाच रात्री कोणाच्या जेवणाच्या वेळेला बांधलेलं नसणं, यात फरक आहे, आणि तो फरक ज्यांना कळतो त्यांनाच आमचं हे खूळ कळेल.

आमच्या सहाव्या मैत्रिणीचं अजून अडलंय. ती दौंडची, पंचावन्नची, नवरा जाऊन चार वर्षं झाली. घरात कोणी नाही म्हणत नाही, फक्त सासूबाई गप्प बसतात. ती म्हणते, त्या हो म्हणाल्या नाहीत तर मी येणार नाही, आणि मी आले नाही म्हणून तुम्ही थांबू नका. बाकीच्या चौघींचं म्हणणं, तिची जागा दुसरीला द्यावी. माझं म्हणणं, जागा रिकामी राहिली तरी चालेल, तिचा वाटा आम्ही पाच जणी भरू, पण बोटीवर चढेपर्यंत ती जागा तिचीच. रविवारी मी दौंडला जाते आहे. सासूबाई ऐंशीच्या आहेत, नियमाने सामायिक करतात, पंचवीस बोल तोंडपाठ. त्यांना परवानगी मागणार नाही. अर्हन्नकाची गोष्ट मला नीट आठवत नाही, तुम्ही सांगा, म्हणेन. ती त्यांच्यापेक्षा चांगली सांगणारं दौंडमध्ये कोणी नाही.