डॅशबोर्डमागची नळी

आषाढ पौर्णिमेच्या वंदनेसाठी डॅलसच्या उपनगरातून विहाराकडे निघालो, तेव्हा आमच्या गाडीत मागे दोन ज्येष्ठ काकू बसल्या होत्या. बाहेर तापमान १०० अंश फॅरनहाइटच्या वर. आत पॅनेलवर ७६ अंश लावलेले असूनही बर्फासारखा झोत. वीस मिनिटांत काकूंनी पदर कानांभोवती गुंडाळला. ७६ चे ८० केले, फरक नाही. आकडा शेवटच्या टोकाला नेला, तर एकाएकी भट्टीसारखी हवा. अखेर त्यांच्याच सांगण्यावरून एसी बंद केला. विहाराच्या आवारात उतरताना एका काकूंना भोवळ आली. सावलीत बसवून पाणी दिल्यावर त्या सावरल्या. परंतु त्रिशरण म्हणताना आमचे चित्त ठिकाणावर नव्हते.

गाडी जपानी बनावटीची, २००५ सालची. दोन मालकांच्या हातांखालून आमच्याकडे आलेली. गॅरेजवाल्याने तपासणीशुल्क घेऊन निदान सांगितले: नियंत्रणाचे पॅनेल गेले, संपूर्ण बदलावे लागेल, ११५० डॉलर. गाडीची एकूण किंमतच तीन हजारांच्या आसपास. विकून टाकावी, असा विचार आम्ही जवळजवळ पक्का केला होता.

बाबा तेव्हा नागपूरहून आमच्याकडे आले होते. मोतीबागच्या रेल्वे कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून हयात घालवली. त्यांनी एवढेच विचारले, "पॅनेलच गेलं हे त्याने पाहिलं, की नुसतं म्हटलं?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

अशा गाडीतील स्वयंचलित यंत्रणा मुळात एक साधा हिशेब करीत असते. आपण हवे ते तापमान सांगतो. गाडीतील हवेचे तापमान एक सेन्सर कळवतो, बाहेरचे दुसरा, आणि डॅशबोर्डवर पडणारे ऊन मोजणारा तिसरा. यांवरून पॅनेलमधील संगणक ठरवतो की गार आणि गरम हवा मिसळणारी झडप किती उघडायची आणि पंखा किती जोरात फिरवायचा. म्हणजे निर्णय चुकला, तर दोष निर्णय घेणाऱ्याचाही असू शकतो आणि त्याला खबर देणाऱ्याचाही. दिवसभर संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आम्हांस हे सुचू नये, याची आजही थोडी लाज वाटते.

आमच्या गाडीत स्वतःची तपासणी करण्याची सोय आहे. 'ऑटो' आणि आतली हवा आतच फिरवण्याचे, अशी दोन्ही बटणे दाबून धरायची आणि चावी फिरवायची. दिवे लुकलुकतात, मग दोषांचे क्रमांक दिसू लागतात. आमच्या पडद्यावर २१ आला. पुस्तिकेत २१ म्हणजे उन्हाचा सेन्सर. आम्ही तत्काळ फोन काढला आणि नवा सेन्सर मागवण्याच्या बेतात होतो.

बाबा म्हणाले, "अरे, अंधारात उभं करून त्याले ऊन विचारतो का? गाडी बाहेर काढ."

गाडी गॅरेजच्या छपराखाली उभी होती. उन्हात आणली आणि तीच तपासणी पुन्हा केली. २१ नाहीसा झाला. आता ०० दिसत होते, म्हणजे दोष नाही. (पुस्तिकेत ही सूचना खालच्या बाजूला छापलेली होती. पुस्तिका पूर्ण वाचणे हा गुण आमच्या व्यवसायात दुर्मीळच.)

दोष नाही, आणि तरीही काकूंना कापरे भरते. कालाम सुत्त आपण सारे आवडीने सांगतो. लिहिलेले आहे म्हणून मानू नका, जाणत्याने सांगितले म्हणून मानू नका. पडद्यावरच्या दोन शून्यांनाही ते लागू पडेल, हे मात्र कधी मनात आले नव्हते. तार तुटली किंवा आकडा मर्यादेबाहेर गेला, तरच हा संगणक दोष नोंदवतो. सेन्सर धडधाकट असेल पण भलत्याच जागची हवा मोजत असेल, तर त्याच्या लेखी सारे आलबेल असते.

आतल्या हवेचा सेन्सर डॅशबोर्डवर एका लहानशा जाळीमागे बसवलेला असतो. गाडीतील हवा त्याच्यावरून सतत खेचली जावी म्हणून मागे एक नळी असते. तिचे दुसरे टोक पंख्याच्या हवेच्या मार्गाला जोडलेले. तिथून वेगाने जाणारी हवा या नळीतून थोडी हवा ओढून घेते. पंखा जोरात असेल, तर जाळीवर धरलेला पातळ कागदाचा कपटा चिकटून राहिला पाहिजे. आमचा कपटा सरळ खाली पडला.

मग उघडणे आले. बॅटरीचे ऋण टोक सोडवून आम्ही दहा मिनिटे थांबलो, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते. एसीच्या वायूला हात लावायचा प्रश्नच नव्हता. आर-१३४ए हवेत सोडणे इथे कायद्याने गुन्हा आहे आणि पृथ्वीलाही ते झेपणारे नाही. फक्त प्लास्टिकची चौकट काढायची होती. टेक्सासच्या उन्हाने वाळलेली एक क्लिप आमच्या हातून कटकन मोडली. बाबांनी मुकाट्याने आमच्या हातातील पट्टी घेतली आणि उरलेल्या क्लिपा एकेक करून सोडवल्या.

नळी निखळून लोंबत होती. पूर्वीच्या कोण्या मालकाने स्टिरिओ बदलताना ती सुटली असावी. सेन्सरवर धुळीचा आणि कपड्यांच्या तंतूंचा बोळा जमला होता. तो बिचारा इतकी वर्षे डॅशबोर्डच्या पोटातली, उन्हाने तापलेली हवा मोजून गाडी तापल्याची वर्दी देत होता. मल्टिमीटर लावून सेन्सर बोटांत धरला, तर ओहमचा आकडा शिस्तीत उतरत गेला. सेन्सर ठीक होता. ब्रशने धूळ काढली, नळी बसवली. खर्च शून्य.

बाबांनी आम्हांस लहानपणी पान्याला हात लावू दिला नाही. "तू शिक," एवढेच म्हणत. त्यांच्या पिढीला ठाऊक होते की हातातला पाना आणि कपाळावरची जात एकत्र मोजली जाते. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये मांडले. ते आम्ही भाषणांतून अनेकदा सांगितले आहे. मात्र शिकता शिकता आम्ही स्वतःच पाना हीन मानू लागलो होतो का, हे त्या दुपारी आम्ही बाबांना विचारले. ते म्हणाले, "मी तुला पान्यापासून नाही, साहेबाच्या शिव्यांपासून दूर ठेवलं." आणि हात धुवायला गेले.

पुढच्या रविवारी त्याच काकूंना घेऊन गेलो. ७६ अंश लावले. दहा मिनिटांत पंखा आपोआप मंदावला. पदर खांद्यावरच राहिला. मोडलेल्या क्लिपेच्या जागी चौकट अजून टकटक वाजते. नवी मागवली आहे, साडेचार डॉलरला.