पुस्तकावर बोलायला पदवी कशाला लागते?

पुस्तकावर मत द्यायचं तर प्राध्यापकानं द्यावं, समीक्षकानं द्यावं. साध्या वाचकानं ऐकावं आणि टाळ्या वाजवाव्यात, अशी एक रीत आपल्याही कार्यक्रमांत रुजली आहे. आम्हाला ती मान्य नाही. ज्ञानाची मक्तेदारी मोडायला निघालेल्या चळवळीतच वाचणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवला जात असेल, तर ती मक्तेदारी आपण नव्या रूपात घरात घेतली असंच म्हणावं लागेल.

माजरी हे कोळशाचं गाव. वेकोलिच्या पाळ्या सांभाळून, घरचं आटोपून आम्ही हाताला लागेल ते वाचतो. काही पुस्तकं चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून आणलेली, काही कुणाकडून मागून घेतलेली, काही रद्दीतून उचललेली. त्यात आंबेडकरी साहित्य आहे तशा पौराणिक कादंबऱ्याही आहेत. 'आपली पुस्तकं सोडून ती कशाला वाचता?' असं काही बांधव विचारतात. त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' घ्या. ही कादंबरी १९६७ साली आली आणि आजही घराघरांत वाचली जाते. कर्णाची अवहेलना वाचताना आमच्यातल्या अनेकांचे डोळे भरून आले. जन्मावरून हिणवलं जाणं काय असतं, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पण पुस्तक संपल्यावर आमच्यातली एक ताई म्हणाली, "कर्ण खरंच राधेच्या पोटचा असता तं? मंग त्याच्यासाठी कोण रडलं असतं?" प्रश्न साधा आहे, पण मुळावर जातो. क्षत्रिय असून सूत समजला गेला, हा कर्णावरचा अन्याय, की सूताला माणूस समजलं नाही, हा अन्याय? पहिल्या उत्तरानं जातिव्यवस्थेला ओरखडाही उठत नाही. दुसऱ्या उत्तरानं तिचा पायाच हादरतो. कादंबरी हातात न धरता हा प्रश्न सुचला असता का?

आता आपलं पुस्तक. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपात आलं. फलटणच्या या बाईनं छोटं दुकान चालवता चालवता, घरच्यांपासून लपवून ते लिहिलं. महारवाड्याची उपासमार आणि गावाचा जुलूम त्यात आहेच. शिवाय आपल्याच घरात सुनांचे झालेले हालही आहेत. आमच्याकडे त्यावर बोलणं निघालं तेव्हा काही पुरुष म्हणाले, हे चव्हाट्यावर कशाला? बायांनी विचारलं, मग लपवून लिहायची वेळ तिच्यावर कुणी आणली? त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. 'आपलं' म्हणून डोक्यावर घेतलेलं पुस्तक आपल्यालाच प्रश्न विचारतं, तेव्हा खरं वाचन सुरू होतं.

मिलिंद बोकिलांचं 'गोष्ट मेंढा गावाची' तर आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातलं. मेंढा (लेखा) या गोंड गावानं अभ्यास गटात विषय समजून घेऊन, ग्रामसभेत सर्वसहमतीनं निर्णय घेण्याची पद्धत घडवली आणि २००९ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. कोळशासाठी शेतजमिनी जाताना पाहिलेल्या आमच्यासारख्यांना हे वाचून हेवा वाटला. पण शंकाही आली. मेंढा जवळजवळ एकाच समाजाचं गाव. अनेक जातींच्या गावात सर्वसहमती म्हणजे काय? ज्याची मजुरी दुसऱ्याच्या शेतावर अवलंबून आहे तो गप्प बसला, तर त्याचं गप्प बसणं होकार धरायचं का? मेंढ्याबद्दल पूर्ण आदर ठेवूनही हे विचारलं पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, या साध्या माणसांच्या शंका, यांना काय किंमत? त्यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' उघडावा. सिद्धार्थानं म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून घर सोडलं, ही शतकानुशतकांची कथा. बाबासाहेबांनी प्रास्ताविकातच विचारलं की एकोणतीस वर्षांच्या माणसानं हे आधी कधी पाहिलंच नसेल, हे कसं पटावं? मग त्यांनी शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या वादात गृहत्यागाचं कारण मांडलं. त्यामागे अफाट विद्वत्ता होती, पण मूळ शंका कोणत्याही मजुराला सुचावी अशीच होती. ती विचारण्याची हिंमत मात्र फार थोड्यांना झाली.

आणि आपण काय करतो? वर्षावासात विहारात याच ग्रंथाचं वाचन होतं. एक जण वाचतो, बाकीचे हात जोडून ऐकतात, खीर होते, सगळे घरी जातात. प्रश्न विचारत लिहिलेल्या ग्रंथाची आपण पोथी करून टाकली, तर पोथीनिष्ठांना नावं कोणत्या तोंडानं ठेवायची?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे. येत्या वर्षावासात वाचन झाल्यावर अर्धा तास मोकळा ठेवा. आधी बायांना आणि पोरापोरींना बोलू द्या, पदाधिकाऱ्यांनी शेवटी बोलावं. 'मला हे पटलं नाही' असं कुणी म्हणालं तर त्याला खाली बसवू नका. आणि स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये बुडालेल्या पोरांच्या हातात महिन्याला एखादं असं पुस्तक द्या, ज्यातला प्रश्न परीक्षेत येणार नाही.

जय भीम!