कार्ड पुसायची घाई कशाला?

तुळशीचं लग्न लागलं की आम्हा वेडिंग फोटोग्राफर्सचा सीझन सुरू! मंगलाष्टकं संपतात, मंडळी जेवणाकडे वळतात आणि आमचं खरं टेन्शन चालू होतं. कारण अंतरपाट काही कुणी दुसऱ्यांदा धरत नाही, बॉस. आणि फोटोतली आजी पुढच्या लग्नात असेलच, असंही नाही.

‘कॉपी करण्यात रात्र जाते’ म्हणून नवा लॅपटॉप घ्यायला निघालात? आधी कार्ड रीडर बघा. यूएसबी २.० रीडर सेकंदाला जेमतेम ३५ एमबी देतो. म्हणजे १२८ जीबीचं कार्ड तासभर खातं! चांगलं यूएचएस-वन कार्ड आणि यूएसबी ३ रीडर असेल तर तेच काम साधारण २५ मिनिटांत. यूएचएस-टू घेतलंत तर दहाच्या आत. पण कार्ड आणि रीडर दोन्ही तसेच हवेत आणि समोर एसएसडी हवी. साधी हार्ड डिस्क तिथंच दमते.

माझा शिरस्ता सोपा आहे. कॅमेऱ्यात दोन कार्डं, दोन्हींवर तेच फोटो. घरी आलं की फोटो मेकॅनिकमधून एकाच वेळी दोन डिस्कवर कॉपी. फोटोग्राफर पीटर क्रोग यांचा ३-२-१ फंडा हाच: ३ प्रती, २ प्रकारच्या माध्यमांवर, १ घराबाहेर. रॉ फाइल्स क्लाउडवर चढायला दिवस लागतात, म्हणून माझी तिसरी डिस्क सकाळीच ताईकडे जाते.

ती पोचली, फाइल्स उघडून बघितल्या, की मगच कार्ड फॉरमॅट. तोवर पाकिटात, खुशाल झोपा!