बोलत नव्हतो, इतकेच!

आमच्या अप्पांची सारी नोकरी तारखात्यात गेली. कडकट्ट-कडकट्ट करणाऱ्या त्या यंत्रावरून त्यांनी किती बारशी आणि किती तेरावे पोहोचते केले, याची गणती नाही. २०१३ च्या जुलैत सरकारने तार कायमची बंद केली. त्या दिवशी ते नेहमीसारखे जेवले. फक्त शेवटचा ताकभात मागितला नाही, असे शेजारच्या काकू सांगतात.

त्यांच्या काळी दारात तारवाला दिसला की बायका आधी डोळ्यांना पदर लावीत आणि मग पाकीट फोडीत. तार आली नाही म्हणजे सर्व कुशल, असा सरळ हिशेब होता. आता तो हिशेब नेमका उलटा झाला आहे. अप्पा गुहागरजवळच्या आमच्या खेड्यात एकटे राहतात, आणि रात्री नऊ वाजता त्यांचा फोन आला नाही की सव्वानवाला आमच्या सौभाग्यवतींच्या हातचे काम थांबते.

गेल्या आषाढात असाच एके रात्री फोन आला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. कोकणात पाऊस कोसळत होता. घरातला फोन मुका आणि खिशातलाही मुका. मी आपला "तारा तुटल्या असतील" असे म्हणत उत्तरपत्रिका तपाशीत बसलो; पण एकाच पोराला दोनदा गुण दिल्याचे लक्षात आले, तेव्हा पेन खाली ठेवले.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका चहाला आले. यांची हयात विमानतळाच्या नियंत्रण कक्षात गेली. आमची चेहरेपट्टी पाहून त्यांनी चौकशी केली आणि म्हणाले, "प्राध्यापक, विमानाचा आवाज जातो तेव्हा विमान जात नसतं. निदान बहुतेक वेळा नाही."

मग त्यांनी १६ फेब्रुवारी २०१७ ची गोष्ट सांगितली. जेट एअरवेजचे बोइंग ७७७ मुंबईहून लंडनला चालले होते. आत ३३० उतारू आणि १५ कर्मचारी. जर्मनीवरून जाताना ते एकाएकी गप्प झाले. खालून हाका मारल्या, उत्तर नाही. तेव्हा जर्मनीच्या हवाई दलाची दोन लढाऊ विमाने त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. (विमान हवेत 'उभे' राहत नाही हे मला ठाऊक आहे, पण काकांनी सांगितले ते असेच.) थोड्या वेळाने बोलणे पुन्हा सुरू झाले आणि विमान लंडनला सुखरूप उतरले. ती कंपनी मात्र पुढे २०१९ मध्ये जमिनीवर आली ती आलीच.

"पण आवाज जातोच कसा?" सौ. नी विचारले.

कारण ऐकून मला हसूच आले. आकाशाचे म्हणे वाडे पाडलेले असतात. एका वाड्यातून दुसऱ्यात जाताना खालचा माणूस नवा आकडा सांगतो, वैमानिक तो मोठ्याने परत म्हणतो आणि यंत्रावर लावतो. यात एक अंक चुकला की झाले! वैमानिकाला वाटते, आज बरी शांतता आहे. खालच्याला वाटते, हा गेला कुठे? दोघेही आपापल्या जागी जागे असतात. अशा वेळेसाठी १२१.५ हा आकडा राखून ठेवला आहे. त्यावर सगळ्यांनी कान ठेवायचा असतो. यंत्रच बिघडले, तर वैमानिकाने ७६०० ही खूण लावायची, म्हणजे रडारवर कळते की हा मुका झाला आहे, मेलेला नाही.

आणि मग? मग त्याने आधी कळवलेल्या वाटेनेच जायचे, आणि खालच्याने तो तसाच जाईल असे धरून इतरांना त्याच्या वाटेतून बाजूला करायचे. विमानतळ दिसू लागला की मनोऱ्यावरून दिवा दाखवतात : स्थिर हिरवा म्हणजे उतर, स्थिर तांबडा म्हणजे घिरट्या घालीत राहा. कळले, हे सांगायला वैमानिक पंख डोलावतो. मला ही पंख डोलावण्याची रीत फार आवडली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या विमानात रेडिओ नव्हताच. टपाल हातात पडले म्हणजे विमान पोहोचले!

"आणि ते मलेशियाचं विमान?" सौ. नी हळूच विचारले.

काकांनी कप खाली ठेवला. "८ मार्च २०१४. २३९ माणसं. तिथून शेवटी आलेले शब्द 'गुड नाइट'चे होते. म्हणून तर 'बहुतेक वेळा' म्हणालो."

काका गेल्यावर मी चिपळूणच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. आमचे लढाऊ विमान ते हेच. बिचारा भर पावसात फटफटीवर निघाला, वाटेत आडव्या पडलेल्या फणसाखालून ती ढकलीत नेली, आणि अप्पांच्या पडवीत पोहोचला. अप्पा सुपाऱ्या निवडीत बसले होते. त्याला चहा पाजला, आणि मग माझ्यावरचा राग त्याच्यावर काढला. "त्याला सांग, मी मेलो नव्हतो. बोलत नव्हतो, इतकंच!" शिवाय एक चिठ्ठी दिली. विद्यार्थ्याने परत येऊन तिचे छायाचित्र पाठवले : "सर्व कुशल. पडवी गळते. पेट्रोल वाया. अप्पा." जास्त शब्दांना जास्त पैसे पडतात, ही खात्याची सवय अजून सुटलेली नाही. आम्ही पोट धरून हसलो आणि दोन रात्रींची झोप एका रात्रीत काढली.

पण काकांनी निघता निघता आणखी एक हकीकत सांगितली होती, ती माझ्या डोक्यात राहिली. २१ ऑक्टोबर २००९ रोजी सॅन डिएगोहून मिनिॲपोलिसला निघालेले नॉर्थवेस्ट कंपनीचे विमान ७७ मिनिटे गप्प होते आणि मुक्काम मागे टाकून शंभराहून अधिक मैल पुढे गेले. दोघे वैमानिक आपापले लॅपटॉप उघडून नोकरीचे वेळापत्रक समजावून घेण्यात गर्क! उतरणार कधी, असे हवाई सुंदरीने विचारले, तेव्हा हे भानावर आले. पण मला लक्षात राहिले ते पुढचे. वैमानिक बोलू लागले, सर्व ठीक आहे म्हणाले, तरी खालच्यांनी त्यांना लगेच मोकळे सोडले नाही. २००१ चा सप्टेंबर कोण विसरेल? गळ्यावर सुरी ठेवली तरी माणूस 'सर्व ठीक' म्हणतो. त्यांनी विमानाला इकडे वळ, तिकडे वळ, अशी वळणे घ्यायला लावली.

गणपतीला आम्ही गावी गेलो. अप्पा पडवीत खुर्चीवर बसून होते. नेहमी बांधापर्यंत सामोरे येणारे अप्पा. हाताशी काठी होती. "ही काठी कशाला?" "मांजर फार झाली आहेत." आरतीलाही ते खुर्चीतूनच टाळ वाजवीत होते. कुशल आहे ना, असे मी दोनदा विचारले, आणि दोनदा सर्व कुशल असल्याचे कळले.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. मी म्हणालो, "अप्पा, चला, विहिरीपर्यंत एक फेरी मारून येऊ."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग काठी टेकून उठले, एक पायरी उतरले, आणि दुसऱ्या पायरीवर माझा खांदा धरला.

"आषाढात घसरलो रे," ते म्हणाले. "पडवी गळते, ते लिहिलं होतं की तुला."