डब्यातला टोमॅटो आणि कात्रीची घाई

“टोमॅटो हा काय वार्षिक अंकात लिहिण्याचा विषय झाला?” असे माझ्या मैत्रिणींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. या पानांवर हुंडा येतो, बेकारी येते, आजचा तरुण कोठे चालला आहे याची चिंता येते. तरीही मी टोमॅटोवरच लिहिणार आहे. कारण या एका बाबतीत माझे ठाम मत झाले आहे, आणि ते दोन झाडांचे नुकसान करून झाले आहे. डब्यातल्या टोमॅटोला आधार हवाच. कात्री मात्र जात ओळखल्याशिवाय लावू नये.

वसतिगृहाच्या मेसमधून मला पंधरा किलो तेलाचे तीन रिकामे डबे मिळाले. तळाला खिळ्याने भोके पाडून माती व शेणखत भरले. एकात गावाहून आणलेले उंच जातीचे रोप लावले. उरलेल्या दोहोंत बाजारातल्या पाकिटातील बियांची रोपे. पाकिटावर ‘बुटकी जात’ असे छापलेले होते. ते मी वाचले, पण मनावर घेतले नाही. मग ग्रंथालयात बागकामाचे एक इंग्रजी पुस्तक सापडले. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते वाचले. पानाच्या बगलेतून निघणारी प्रत्येक फूट खुडावी, एकच खोड ठेवावे, असे त्यात होते. आमच्या घरात इंग्रजी पुस्तक उघडणारी मी पहिलीच. त्यातल्या वाक्यावर शंका घेण्याचे धैर्य कोठून आणणार? मी तिन्ही डब्यांतल्या बगलफुटी काढून टाकल्या.

पुस्तक खोटे नव्हते. ते उंच जातींविषयी बोलत होते. उंच टोमॅटोचा शेंडा वाढतच राहतो आणि साधारण दर तीन पानांनंतर फुलांचा घोस देतो. त्याच्या सगळ्या फुटी ठेवल्या तर डब्यातली ओंजळभर माती त्यांना पुरी पडत नाही. बुटक्या जातीचे तसे नाही. तिच्या शेंड्यालाच घोस येतो आणि वाढ थांबते. पुढचे फळ बगलफुटींवर धरते. आपोआप थांबणारे असे झाड अमेरिकेतील फ्लोरिडात 1914 साली प्रथम आढळले आणि आजच्या अनेक झुडपी जाती त्याच गुणावर उभ्या आहेत. मी त्या फुटी काढल्या म्हणजे पीकच काढले. दोन्ही झाडे दीड फुटावर थांबली. जी चार फळे धरली त्यांच्यावर पानांची सावली नव्हती. उन्हाने पांढरे चट्टे पडले.

नोव्हेंबरात आई भेटायला आली. ती नारायणगावच्या बाजूला दुसऱ्यांच्या रानात रोजाने टोमॅटोच्या बांधणीला जाते. डबे बघून म्हणाली, “अगं, ही झुडपातली जात. हिला कशाला बोडकी केलीस?” मी पुस्तकाचे नाव सांगितले. ती गप्प बसली. तिचे ते गप्प बसणे मला अजून टोचते. गेल्या वर्षी ‘श्रमाची प्रतिष्ठा’ या विषयावर मी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले होते. त्यात थोरांची वचने होती. बांधणी कशी करतात याची एक ओळ नव्हती. मी आईला कधी विचारलेच नव्हते.

मग विचारले. काठी रोप लावतानाच रोवायची. नंतर रोवली तर मुळे तुटतात. खोड काठीला आवळायचे नाही. जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन काठी आणि खोड यांच्यामध्ये एक पीळ द्यायचा, म्हणजे खोड जाड झाले तरी काचत नाही. मातीला टेकणारी खालची पाने काढायची, कारण पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर करपा तेथूनच चढतो. फूट बोटभर असतानाच हाताने मोडायची, आणि तंबाखू मळलेल्या हाताने झाडाला शिवायचे नाही. हे शेवटचे मला अंधश्रद्धेसारखे वाटले होते. पण तंबाखूवरचा विषाणूजन्य रोग हाताने टोमॅटोवर जाऊ शकतो, असे वनस्पतिशास्त्राच्या सरांनीही सांगितले.

आईचेही सगळे बरोबर ठरले नाही, हेही लिहिले पाहिजे. तिने उंच झाडाला पाच फुटी बांबू रोवला. रानात तो हलत नाही. फूटभर मातीत तो कसा टिकणार? आठवड्याच्या आत वाऱ्याने डबा, बांबू आणि झाड एकदमच आडवे झाले. आता बांबूचे वरचे टोक मी गॅलरीच्या गजाला बांधले आहे. हे ऐकून ती फोनवर पुष्कळ हसली.

काही मित्र म्हणतात, फुटी काढल्या की फळ मोठे होते. होते, उंच झाडावर मीही एकच खोड ठेवले आहे. पण फेब्रुवारीनंतरच्या आपल्या उन्हात पानांचा छपराइतकाच उपयोग असतो. त्यामुळे तिथेही घोसावरची पाने मी तोडत नाही.

उंच झाडाची मोडलेली एक फूट पाण्याच्या पेल्यात ठेवली होती. तिला मुळ्या सुटल्या आहेत. मेसच्या मागे आणखी पाच-सहा डबे पडून आहेत. रोप कोणाला हवे असेल त्याने सांगावे. फक्त काठी आपली आणावी.