दुकानात कार्ड मशीन कोणाचं घ्यायचं? टक्केवारीच्या आधी भाडं आणि खातं बघा

घरचं दुकान असेल तर त्या दुकानाचा 'आयटी विभाग' बहुतेक वेळा तुम्हीच असता. क्यूआर लावणं, ॲप अपडेट करणं, 'पैसे आले का बघ रे' याला उत्तर देणं, सगळं तुमच्याकडे. मग एक दिवस कंपनीचा माणूस दुकानात येतो आणि म्हणतो, "कार्ड मशीन घ्या, फक्त इतके टक्के." वडील तुमच्याकडे बघतात. हा लेख त्या क्षणासाठी आहे.

उदाहरण सिन्नरचं घेऊ. इथलं गिऱ्हाईक एका साच्यातलं नाही. बाजारपेठेत आसपासच्या खेड्यांतून लोक येतात, मुसळगाव आणि माळेगाव एमआयडीसीतले कामगार येतात. नाशिक-पुणे महामार्गावरून आणि शिर्डीच्या रस्त्यावरून बाहेरगावच्या गाड्या जातात. २६ मे २०२३ पासून समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा टप्पाही याच तालुक्यातून सुरू झाला. त्यामुळे गावातल्या भांड्यांच्या दुकानाला आणि शिर्डी रस्त्यावरच्या हॉटेलला एकच सल्ला देता येत नाही.

आधी दर समजून घेऊ

कार्ड घासलं की दुकानदाराच्या पैशातून एक हिस्सा कापला जातो. त्याला एमडीआर म्हणतात. तो ग्राहकाची बँक, मशीन देणारी बँक किंवा कंपनी आणि कार्डचं नेटवर्क यांच्यात वाटला जातो. आज चित्र साधारण असं आहे:

- यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड: १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य.
- इतर डेबिट कार्ड: रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून मर्यादा घातली आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यापुढे ०.९० टक्के.
- क्रेडिट कार्ड: इथे रिझर्व्ह बँकेची मर्यादाच नाही. दोन टक्क्यांच्या आसपासचे दर नेहमी ऐकू येतात. घासाघीस करायची ती इथेच.

दोन गोष्टी अजून. दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारात या एमडीआरवर जीएसटी नाही, त्यापुढे १८ टक्के आहे. आणि डेबिट कार्डचा एमडीआर ग्राहकाकडून वेगळा घ्यायचा नाही, हे बघण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेने बँकांवर टाकली आहे. "कार्डने दिलं तर दोन टक्के जादा" ही पाटी म्हणूनच अडचणीची आहे.

मग कंपनी कमावते कशातून?

यूपीआय दुकानदाराला फुकट असलं तरी ते चालवायला खर्च येतो. त्याची थोडी भरपाई सरकार प्रोत्साहन योजनेतून करतं. यूपीआय आणि रुपे डेबिट मिळून २०२३-२४ साठी ही रक्कम ३,६३१ कोटी रुपये होती. २०२४-२५ साठी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ मार्च २०२५ रोजी मंजूर केलेली योजना सुमारे १,५०० कोटींची होती. ती फक्त छोट्या दुकानदारांकडच्या दोन हजारांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांसाठी, ०.१५ टक्के दराने. म्हणजे रक्कम निम्म्याहूनही खाली आली. दुसरीकडे यूपीआयवर एमडीआर लागणार ही चर्चा अर्थ मंत्रालयाने ११ जून २०२५ रोजी निराधार ठरवली.

आता कंपनीच्या जागी बसून विचार करा. यूपीआयवर शुल्क लावता येत नाही, सरकारी मदत कमी झाली. मग कमाई कुठून काढणार? साउंडबॉक्सच्या भाड्यातून, कार्ड मशीनच्या भाड्यातून आणि रोजच्या जमेतून हप्ता कापून घेणाऱ्या कर्जातून. यात बेकायदा काही नाही. पण दारात येणारा माणूस टक्केवारी मोठ्याने आणि भाडं हळू आवाजात का सांगतो, ते यातून कळतं.

खरा दर काढा

एक काल्पनिक दुकान घेऊ. महिन्याची विक्री दीड लाख, म्हणजे वर्षाला १८ लाख. रोख ४० हजार, यूपीआय ९० हजार, डेबिट कार्ड १० हजार, क्रेडिट कार्ड १० हजार. प्रत्येक बिल दोन हजारांच्या आतलं. मशीनचं भाडं महिना ४०० रुपये धरू.

- डेबिट कार्ड, ०.४० टक्के: ४० रुपये
- क्रेडिट कार्ड, २ टक्के: २०० रुपये
- भाडं, १८ टक्के जीएसटीसह: ४७२ रुपये
- एकूण: ७१२ रुपये

वीस हजारांच्या कार्ड विक्रीवर ७१२ रुपये म्हणजे साडेतीन टक्क्यांहून थोडं जास्त. यात दोन तृतीयांश वाटा भाड्याचा आहे! क्रेडिट कार्डचा दर २ वरून १.८ करून घेतला तर महिन्याला वीस रुपये वाचतील. भाडं शंभराने कमी करून घेतलं तर जीएसटीसह ११८ वाचतील.

पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. कार्ड घासणाऱ्यांपैकी किती जण मशीन नसतं तर वस्तू न घेताच गेले असते? बाकीच्यांनी तर मोबाइल काढून यूपीआय केलंच असतं. दुकानाचा नफा १२ टक्के धरला तर ७१२ रुपये भरून निघायला महिन्याला सुमारे सहा हजारांची *नवी* विक्री मशीनमुळे व्हायला हवी. तेवढी होत असेल तर मशीन घ्या. नसेल तर ते गल्ल्यावरचं शोभेचं यंत्र आहे.

हे अंदाजाने ठरवू नका. पंधरा दिवस गल्ल्यापाशी वही ठेवा. "कार्ड चालतं का?" असं विचारून निघून गेलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाची एक रेघ आणि अंदाजे बिल लिहा. महामार्गावरच्या हॉटेलची वही आणि गावातल्या किराणा दुकानाची वही वेगळी निघेल, आणि दोघांचा निर्णयही.

रेघा कमी असतील तर दोन स्वस्त पर्याय आहेत. पहिला, २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. त्यातून छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंत एमडीआर नाही. मात्र त्यासाठी व्यापारी क्यूआर हवा, वैयक्तिक खात्याच्या क्यूआरवर ते चालत नाही. दुसरा, एनएफसी असलेल्या अँड्रॉइड फोनलाच मशीन बनवणारी ॲप काही बँका आणि कंपन्या देतात. ग्राहक कार्ड फोनला टेकवतो. पाच हजारांपर्यंत पिनही लागत नाही. एमडीआर इथेही लागतो, पण वेगळं यंत्र भाड्याने घ्यावं लागत नाही.

पैसे पडतात कुठे?

भाव पटला तरी सही करण्याआधी हे बघा. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध जाहीर केले. नवीन जमा स्वीकारण्याची शेवटची तारीख आधी २९ फेब्रुवारी होती, मग ती १५ मार्च झाली. त्या काळात दुकानदारांमध्ये एकच घबराट होती: आपला बॉक्स बंद पडणार का?

रिझर्व्ह बँकेने तेव्हा दिलेलं स्पष्टीकरण आजही लक्षात ठेवण्यासारखं आहे. ज्यांचा क्यूआर किंवा मशीन दुसऱ्या बँकेतल्या खात्याला जोडलेलं होतं, त्यांचं काम १५ मार्चनंतरही चालू राहणार होतं. ज्यांचे पैसे पेमेंट्स बँकेतच पडत होते, त्यांना मात्र दुसरं खातं जोडणं भाग होतं. बॉक्स तोच, रंग तोच, आवाज तोच. फरक फक्त मागच्या खात्याचा.

म्हणून दुकानाचे पैसे तुमच्या नेहमीच्या बँकेतल्या, शक्यतो दुकानाच्या नावाच्या खात्यात थेट पडू द्या. मधल्या वॉलेटमध्ये साठवू नका. आणि वेगळ्या बँकेचा एक दुसरा क्यूआर छापून ठेवा.

दुसरी बाजू परवान्याची. रिझर्व्ह बँकेने २०२० साली ऑनलाइन पेमेंट गोळा करणाऱ्या कंपन्यांसाठी नियम केले, पण दुकानातल्या मशीनवाल्या कंपन्या त्यातून बाहेर होत्या. १५ सप्टेंबर २०२५ च्या नव्या निर्देशांनी त्यांनाही आत घेतलं. आता बँक नसलेल्या अशा कंपनीला परवानगी लागते आणि दुकानदारांचे पैसे स्वतःच्या पैशांपासून वेगळे, एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा कंपन्यांची यादी असते. नाव तपासायला दोन मिनिटं पुरतात.

त्या माणसाला विचारायचे पाच प्रश्न

१. भाडं, जीएसटी आणि बसवण्याचा खर्च धरून महिन्याला एकूण किती?
२. एखाद्या महिन्यात कार्ड चाललंच नाही तरी भाडं कापणार का?
३. किती महिने बांधून घेताय, आणि मध्येच परत केलं तर दंड किती?
४. आज घासलेल्या कार्डाचे पैसे कोणत्या दिवशी, कोणत्या खात्यात? शनिवार-रविवारचं काय?
५. मशीन बिघडलं तर सिन्नरमध्ये कोण येणार, आणि तेवढ्या दिवसांचं भाडं माफ होणार का?

उत्तरं तोंडी नकोत. व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी घ्या. पुढे बँकेशी वाद झाला आणि तक्रार करून ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिथे हाच लेखी पुरावा कामाला येतो.

पाचही उत्तरं सरळ मिळाली आणि वहीतल्या रेघा सहा हजारांच्या वर गेल्या, तर मशीन घ्या, मग ते कोणत्याही रंगाचं असो. उत्तरं टाळली गेली, तर चहा पाजा आणि पुढच्या कंपनीच्या माणसाला बोलवा. सध्या त्यांची कमी नाही.